डचेसचं जेवण

वामनराव टोकेकरांनी जन्मात कधी मांस खाल्लं नव्हतं. चातुर्मासात तर कांदा-लसूणसुद्धा बंद. पण अख्ख्या इंदुरात मांसाची त्यांच्याइतकी पारख कुणाला नाही, असं खुद्द त्यांचा कसाई करीममियां सांगायचा. दुकानासमोर सायकल लावायची, धोतराचा सोगा खोचायचा, टोपी सारखी करायची आणि टांगलेल्या बोकडापाशी जाऊन डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचा. मग डोळे उघडून म्हणायचं, "करीममियां, ये कल का है." करीममियां कानाला हात लावायचा. "पंडितजी, खाते आप हैं नहीं, फिर ये नाक कहाँ से लाए?" आणि आतून त्या सकाळचं काढून द्यायचा. आमचे हे एकदा गंमत म्हणून त्यांच्याबरोबर गेले होते. परत आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत.

हे मांस डचेससाठी. डचेस म्हणजे वामनरावांची कुत्री. उंच, पिंगट, लांब तोंडाची, आणि चालायची अशी की गल्लीतल्या बायकांनी पदर सावरून बाजूला व्हावं. महाराजांच्या कुत्तेखान्यातली ती शेवटची. पण वामनरावांसमोर कुत्तेखाना म्हणायची सोय नव्हती. "केनल म्हणा, बाई," असं ते मला दर वेळी सांगत. मी दर वेळी विसरत असे, कधी कधी मुद्दाम.

आम्ही रामबागेत एकाच घराच्या दोन भागांत भाड्यानं राहायचो. पुढे आम्ही, म्हणजे मी, आमचे हे आणि सासूबाई. मागे टोकेकर. मधलं अंगण आणि अंगणातला नळ दोघांचा. मी तेव्हा मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. आवाज मोठा, राग नाकावर, आणि कुत्र्यांचा तर मनस्वी तिटकारा. अशा बाईच्या नशिबी हे शेजार यावं!

राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. सकाळी कळशी घेऊन नळावर गेले, तर धुण्याच्या दगडाशेजारच्या फरशीवर ओलं, हिरवट, सुरकुतलेलं असं काहीतरी पसरून ठेवलेलं. मी वाकून पाहिलं आणि जी किंचाळले, ती कळशी टाकून. आतून वामनराव धावत आले. मला वाटलं, माझ्यासाठी धावले. कसचं काय!

"हात नाही ना लावला, बाई? ऊन खातंय ते. थंड वजडी पोटात गेली तर बाधते."

वजडी म्हणजे बोकडाचं पोट. तेही न धुतलेलं. "न धुता?" मी ओरडले. "धुतली की सगळं सत्त्व जातं," ते शांतपणे म्हणाले. "केनल रूल."

हे 'केनल रूल' म्हणजे त्यांच्या तोंडचं पालुपद. वामनराव संस्थानात साधे कारकून म्हणून लागले होते. अक्षर चांगलं, म्हणून कुणीतरी त्यांना केनलच्या रजिस्टरवर बसवलं. कुठल्या कुत्र्यानं किती खाल्लं, काय खाल्लं, कसं पचलं, हे रोज लिहिता लिहिता वीस वर्षांत हा माणूस त्या केनलचा सुपरिंटेंडेंट होऊन बसला. तिथले नियम त्यांना मुखोद्गत होते. मांस कच्चंच द्यायचं. हाडासकट द्यायचं. शिजवलेलं हाड कधी द्यायचं नाही, त्याच्या कपच्या होऊन आतडं फाटतं. कलेजी आठवड्यातून दोनदा, जास्त नाही. हाताच्या पाठीला गार लागलं तर उन्हात ठेवायचं. जेवणाऱ्याकडे टक लावून पाहायचं नाही. डचेसचं जेवण चालू असताना वामनराव तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभे राहत. ती बोटं चाटल्यासारखी फरशी चाटायला लागली की मग वळत.

हे नियम फक्त कुत्रीला असते तर मी काही बोलले नसते. पण ते माणसांनाही लागू. आमच्या भाच्याच्या मुंजीत त्यांनी वाढप्यांना थांबवलं, "जेवणाऱ्याच्या मागे उभं राहायचं नाही, घास बिघडतो." आमच्या यांचं पोट सुटलेलं पाहून एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्यांना आठवड्यातून एक दिवस काही देऊ नका. नुसतं पाणी. केनलमध्ये सगळ्यांना ठेवत होतो, एकदम फिट राहायचे." मी म्हटलं, "काका, माझा नवरा आहे तो." तर म्हणाले, "हो हो, पण पोट ते पोट."

तो एक दिवस उपाशी ठेवण्याचा नियम डचेसलाही होताच, आणि तिचा वार होता सोमवार. त्यामुळे एक मजा झाली. आमच्या सासूबाई म्हणजे कडक सोवळं, मांस येतं म्हणून पहिले सहा महिने त्या अंगणात उतरल्या नव्हत्या. त्यांना जेव्हा कळलं की ही कुत्री दर सोमवारी दिवसभर पाण्यावर असते, तेव्हा त्या विरघळल्याच. "कुत्री असून सोमवार करते गं," असं चार बायकांत सांगायच्या, आणि माझ्याकडे बघायच्या. मला सोमवारी सकाळी पोहे लागत.

खरं तर सोवळं टोकेकरांच्या घरातही काही कमी नव्हतं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आम्ही आलो तेव्हा होत्या. डचेस पिल्लू म्हणून घरी आली त्याच दिवशी त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं होतं, मांस उंबऱ्याच्या आत येणार नाही, आणि तिला घालून झाल्यावर नळावर आंघोळ केल्याखेरीज तुम्हीही येणार नाही. वामनराव ते पाळत. पौष महिन्यातल्या थंडीत, नळाचं पाणी अंगाला चावतंय, दात वाजताहेत, आणि हा माणूस कुडकुडत "गंगे च यमुने चैव" म्हणतोय. मग ओलेत्यानं आत जाऊन देवांची पूजा. दोन वर्षांनी काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. आता त्यांना विचारणारं त्या घरात कुणीही नव्हतं, पण मांसाचा डबा उंबऱ्याबाहेरच राहिला आणि नळावरची आंघोळ एक दिवस चुकली नाही. मी एकदा गरम पाणी देऊ केलं. "नको," म्हणाले, "ठरलेलं असंच आहे."

संस्थान गेल्यावर सरकारनं त्यांना एका दफ्तरात टेबल दिलं होतं, शिक्के मारायला. पुढे नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि आमच्या इंदुरातून माणसं भराभर उचलून तिकडे पाठवायला लागले. घरोघरी रडारड. वामनरावांनाही हुकूम आला. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला, हिंदीत, त्या सुंदर अक्षरात. मला वाचून दाखवला होता. "उक्त श्वान वृद्ध है तथा उसे भोपाल का जलवायु एवं वहाँ का मांस अनुकूल होगा, इसमें प्रार्थी को गंभीर संदेह है." मी हसू दाबता दाबता बेजार. दफ्तरात तर म्हणे तो अर्ज टेबलाटेबलावर फिरला. साहेबांनी बोलावून विचारलं, "टोकेकरजी, आप जा रहे हैं कि कुतिया?" वामनराव म्हणाले, "जाना उसी का कठिन है, साहब. मेरा क्या है." आणि वेळेआधी पेन्शन घेऊन घरी आले.

इतकं सांगितलं म्हणजे कळेल की त्या कुत्रीचं जेवण हा त्या माणसाच्या दिवसाचा कणा होता. सकाळी आणणं, दुपारी ऊन देणं, चारच्या सुमाराला घालणं, मग आंघोळ, मग पूजा. बाकी वेळ मधे मधे असायचा.

त्या वर्षी ऐन थंडीत डचेसनं जेवण सोडलं.

तिचे दात आधीच पडायला लागले होते. अकरा-बारा वर्षांची झाली होती, कुत्र्याच्या हिशेबानं माझ्या सासूबाईंपेक्षा म्हातारी. हाडं चावेनात तेव्हा वामनराव नुसतं मांस देऊ लागले. ते चावेना तेव्हा फरशीवर बसून सुरीनं अगदी बारीक चिरून देऊ लागले. काही दिवस तिनं ते खाल्लं. मग एका मंगळवारी ती आली, हुंगलं, आणि डोकं पायांवर ठेवून पडून राहिली. वामनराव भिंतीकडे तोंड करून उभे. बराच वेळ उभे. मग वळून पाहिलं तर सगळं तसंच.

"कालचा उपास लांबला असेल," मला म्हणाले. बुधवारीही तेच. गुरुवारी त्यांनी करीममियांकडून कोवळ्या बोकडाची कलेजी आणली, डचेसच्या जिवाची आवडती. तिनं नाक लावलं, शेपटी एकदा हलवली, जणू त्यांना वाईट वाटू नये म्हणून, आणि तोंड फिरवलं. तिच्या बरगड्या मला खिडकीतून मोजता येत होत्या.

शुक्रवारी टांग्यात घालून तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर भले गृहस्थ होते, म्हणाले, दुसरं काही नाही, वय आहे. पण पोटात काही गेलं नाही तर आठवडाभराचीसुद्धा खात्री नाही. दूध-पाव द्या, भाताची पेज द्या, मांस शिजवून मऊ करून द्या. वामनराव परत आले, तिला पोत्यावर ठेवलं आणि पुन्हा आपली ती सुरी घेऊन कच्चं मांस चिरायला बसले.

माझा संताप झाला. कुत्र्यांवर माझं प्रेम नव्हतं हे सांगितलंच आहे, पण डोळ्यांसमोर एक जीव उपाशी मरतोय आणि हा माणूस आपला नियम सोडत नाही, हे मला बघवेना. मी तरातरा अंगणात गेले.

"काका, हे काय करून राहिले तुम्ही? डॉक्टरनं सांगितलं ना शिजवून द्या म्हणून? तुमचा केनल रूल तिच्या जिवापेक्षा मोठा आहे का? तुमच्या हट्टापायी मरेल ती, मी सांगते!"

आवाज चढला होता माझा. पलीकडच्या गच्चीवर माणसं डोकावली. वामनरावांनी सुरी खाली ठेवली. रागावतील असं वाटलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "केनल बंद झालं तेव्हा बावीस कुत्री होती. वाटून टाका असा हुकूम. मी वाटली. या हातानं वाटली. प्रत्येकाबरोबर एक कागद दिला, काय घालायचं, किती घालायचं, सगळं लिहून. मग बघायला जायचो. सांवेरच्या एका पाटलाकडे बाजीराव दिला होता. बसनं गेलो. त्याला दूध-रोटी घालत होते, गूळ घालून. लाडानंच हो, वाईट माणसं नव्हती. तो असा सुजला होता, मला ओळखून उठायला गेला आणि उठता येईना. पलासियाच्या एका बंगल्यात दोघी बहिणी दिल्या होत्या. त्यांना शिजवलेली हाडं. एक तीन महिन्यांत गेली. मी सांगायचो, ते हो हो म्हणायचे. माझा कागद एकाच्याही घरात सापडला नाही. तीन वर्षांत एकवीस गेली, बाई. ही एकच मी कुणाला दिली नाही. आणि आता तुम्ही म्हणता, हिलाही तेच घाला."

मी घरात आले आणि सासूबाईंवर उगीचच करवादले.

दुसऱ्या दिवशी शनिवार, शाळा अर्धी. दुपारी घरी आले तर वामनराव दारात उभे. हातात बाजारातून आणलेलं नवं अल्युमिनियमचं पातेलं, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली.

"बाई, एखादी जुनी शेगडी असेल तर... परत नाही देणार. धुऊन चालणार नाही ती तुम्हाला."

मी शेगडी दिली, कोळसे दिले. पेटवूनही मीच दिली, कारण त्यांना ते येईना. काकूंच्या चुलीला या माणसानं कधी हात लावला नव्हता. अंगणाच्या कोपऱ्यात बसून ते मांस शिजवायला लागले. मीठ घालायचं का, असं मला विचारलं. मला काय ठाऊक? मीही जन्माची शाकाहारी. आम्ही दोघं त्या पातेल्यात बघत बसलो, आणि एरवी मी पोट धरून हसले असते, पण त्या दिवशी काही हसू आलं नाही. शिजलं, निवलं, त्यांनी हाताच्या पाठीनं पाहिलं आणि डचेसपुढे ठेवलं. तिनं हुंगलंसुद्धा नाही. दूध-पावही ठेवला. पेज मी करून दिली. सगळ्या वाट्या ओळीनं मांडलेल्या, आणि ती आपली मान टाकून पडलेली.

वाटलं होतं, म्हणतील, पाहिलंत? त्यांनी शेगडी विझवली आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

मी आत गेले. सासूबाई माळ ओढत होत्या. मी तांदूळ निवडायला घेतले, पण लक्ष लागेना. थोड्या वेळानं पुन्हा खिडकीशी गेले. ऊन अजून अंगणात होतं. वामनराव फरशीवर मांडी घालून बसले होते, माझ्याकडे पाठमोरे. शेजारी सकाळचं कच्चं मांस. त्यांचा जबडा हलताना दिसत होता. मला वाटलं, काही पुटपुटताहेत, मंत्र वगैरे. मग त्यांनी तोंडापुढे हात धरला, तोंडातलं तळहातावर काढलं आणि तो तळहात डचेसच्या नाकाशी नेला.



डचेसनं डोकं उचललं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि खाल्लं. हळूहळू, जिभेनं, पण सगळं. वामनरावांनी दुसरा तुकडा तोंडात घातला. त्यांना उमासे येत होते. खांदे वर यायचे, मान ताठ व्हायची, डोळे गच्च मिटायचे. मग पुन्हा चावायला लागायचे.

मी बाहेर का गेले, मला माहीत नाही. राहवलं नाही म्हणून गेले. माझी चाहूल लागली तसे ते दचकले आणि पंच्यानं तोंड झाकलं. चोरी पकडल्यासारखे. मी म्हटलं, "काका, खाऊ द्या तिला. मी इथेच आहे." दुसरं सुचलं नाही.

डचेसचं झाल्यावर ते बोलले. "केनलमध्ये रहमत म्हणून एक म्हातारा होता. आई नसलेली पिल्लं दूध सोडायची झाली की मांस घेत नाहीत, एरवी आईच ओकून भरवते पिल्लांना, गरम गरम. मग रहमत असं चावून द्यायचा. हिची आई गेली होती. हिलाही त्यानंच वाढवली. रजिस्टरात लिहायचं, 'रहमतकडून भरवले'. मी लिहायचो. पण तो चावायला लागला की तोंड फिरवून उभा राहायचो, बघवायचं नाही मला." पुढे म्हणाले, "रहमत असता तर त्यालाच बोलावलं असतं. तो नाही. मग आता कोण?"

मग ते नळावर गेले. त्या दिवशी आंघोळ फार वेळ चालली होती. चुळा भरण्याचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता. मी गरम पाण्याची बादली नेऊन ठेवली. त्या दिवशी त्यांनी नको म्हटलं नाही.

तासाभरानं दारावर टकटक. वामनराव, कोरं धोतर नेसून, हातात ताम्हन. ताम्हनात त्यांचे देव. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, काकूंच्या माहेरचा टाक. ताम्हन त्यांनी एका स्वच्छ फडक्यानं धरलं होतं, बोटं लागू नयेत म्हणून. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले.

"हे तुमच्याकडे ठेवा, बाई. रोज एक फूल वाहिलं तरी पुरे."

"पण काका—"

"हात धुता येतात हो. आजवर धुतलेच. तोंड कसं धुऊ? उद्याही हे करायचंय, परवाही. या तोंडानं त्यांच्यापुढे मंत्र म्हणायचे? नाही. ती आहे तोवर मला हेच करू द्या."

मी देव घेतले. सासूबाईंनी विचारलं तेव्हा सांगितलं, काकांची तब्येत ठीक नाही, म्हणून ठेवलेत. पोटात काही न ठरणारी बाई मी, शाळेतली गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचायची. पण ही गोष्ट मी आमच्या यांनासुद्धा सांगितली नाही. रामबागेत कुणाला कळलं असतं तर त्या माणसाला पंगतीत कुणी बसवलं नसतं. त्याला त्याचं काही वाटलं नसतं कदाचित. मला वाटलं असतं.

डचेस पुढे दोन महिने जगली. रोज चार वाजता मी अंगणाकडची खिडकी लावून घ्यायचे. मग बादलीभर गरम पाणी नेऊन ठेवायचे. वामनराव पूजेच्या वेळी आमच्या दाराशी येत, उंबऱ्याबाहेरून हात जोडत, ओठसुद्धा हलवत नसत, आणि परत जात. आत या म्हटलं तरी येत नसत. ते वाळत चालले होते. मला वाटतं, त्यांना दुसरं काही जेवण जातच नव्हतं.

होळीच्या आधी चार दिवस डचेस गेली. करीममियांनी दोन माणसं आणि हातगाडी पाठवली. नदीपलीकडे त्याच्या ओळखीच्या एका शेतात तिला पुरलं. तिथे करीममियां त्यांचा हात धरून उभा होता, असं आमचे हे म्हणाले.

रंगपंचमी झाली. अख्खं इंदूर गुलालात न्हालं, वामनरावांचं दार बंदच. देव न्यायला ते आले नाहीत. मी वाट पाहिली आणि एक दिवस स्वतःच ताम्हन घेऊन गेले. त्यांनी दार उघडलं, ताम्हन पाहिलं आणि मागे सरकले.

"राहू द्या तुमच्याकडेच. तिथे बरे आहेत ते."

मी पुष्कळ समजावलं. ते नुसती मान हलवत राहिले. रडकुंडीला येऊन मी परतले, तर दारात सासूबाई उभ्या. केस ओले, अंगावर सोवळ्याचं रेशमी लुगडं, अवेळीच.

"आण ते इकडे," त्या म्हणाल्या.

ताम्हन माझ्या हातातून घेतलं आणि अंगण ओलांडून चालू लागल्या. मी मागोमाग. काकू गेल्यापासून टोकेकरांच्या घरात त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. आज सरळ उंबरा ओलांडून आत गेल्या.

"वामनराव, मी सगळं पाहिलंय," त्या म्हणाल्या. "हिनं खिडकी लावली तरी माझ्या खोलीला झरोका आहे. पहिल्या दिवसापासून पाहिलंय."

दोन महिने मी त्यांच्यापासून लपवत होते आणि त्या माझ्यापासून. वामनराव भिंतीला टेकले.

"चार पोरं वाढवली मी," सासूबाई म्हणाल्या. "दात येईतो पोळी चावून चावून घातली त्यांच्या तोंडात. आजारपणात घातली, नको नको ते पुसलं याच हातांनी. माझं तोंड विटाळलं का हो त्यानं? याच तोंडानं मी हरिपाठ म्हणते. घ्या तुमचे देव."

वामनरावांनी दोन्ही हात पुढे केले, मग एकदम मागे घेतले. "आंघोळ करून—"

"झालीय तुमची. सकाळपासून दोनदा झालीय. धरा."

त्यांनी ताम्हन धरलं. त्यातले देव किणकिणले. सासूबाईंनी खालून आपला हात लावला.

"वहिनी," वामनराव म्हणाले, "शेवटच्या दिवशी तिनं घास घेतला नाही. मी हात पुढे धरला होता. तिनं हातावरचं तसंच ठेवलं आणि माझं तोंड चाटलं. ओठ, मिशा, सगळं पुसून काढलं. मग डोकं माझ्या मांडीवर ठेवलं."

सासूबाईंनी पदरानं आधी ताम्हन पुसलं, मग स्वतःचे डोळे. मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या कडक आवाजात म्हणाल्या, "सूनबाई, बघत काय राहिलीस? देवापुढे दिवा लावायचाय. तेलवात आणलीस का?"

मी आणली नव्हती. आणायला घरी धावले, आणि स्वयंपाकघरात उभी राहून आधी पोटभर रडून घेतलं.